मुलाच्या हातातलं दुखण्याचं बटण: पीसीए पंप वापरताना आई-बाबांनी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

मोठ्या ऑपरेशननंतर दुखण्याच्या औषधाचं बटण मुलाच्याच हातात देणार आहोत असं सांगितलं की आई-बाबांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "आणि तो दाबतच बसला तर?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पंपातच आहे आणि ते पुढे सांगतेच. पण मुलांच्या वॉर्डात दुखण्याचंच काम करताना मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मूल गाढ झोपलंय आणि शेजारी बसलेलं कोणीतरी, अगदी मायेपोटी, ते बटण दाबतंय. पंप कसा चालतो हे एकदा नीट समजलं की ही माया धोक्याची का आहे ते आपोआप कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पंप नेमकं काय करतो

पीसीए म्हणजे पेशंट कंट्रोल्ड अ‍ॅनाल्जेसिया, दुखणं कमी करायचं औषध पेशंटने स्वतः हवं तेव्हा घ्यायची सोय. सलाईनच्या स्टँडला एक पंप लावलेला असतो, आत कुलपात औषधाची सिरिंज किंवा पिशवी, बहुतेक वेळा मॉर्फिन, कधी फेंटानिल किंवा हायड्रोमॉर्फोन. पंपातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला बटण. दाबलं की आधी ठरवून दिलेला एक छोटा डोस शिरेत जातो आणि त्यानंतर काही मिनिटं पंप कितीही दाबलं तरी औषध सोडतच नाही. या वेळेला लॉकआउट म्हणतात, साधारण ५ ते १० मिनिटांचा असतो. या मधल्या वेळात मुलाने बटण वीस वेळा दाबलं तरी पंप फक्त नोंद करतो की दाबलं, औषध देत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी तासाला किंवा चार तासांत जास्तीत जास्त किती जाऊ शकतं याचीही वरची मर्यादा टाकलेली असते. तर "दाबतच बसला तर" याचं उत्तर हे.

डोस वजनावर ठरतो. मॉर्फिनचा एका दाबाचा डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोला १० ते २० मायक्रोग्रॅम असतो. बऱ्याच हॉस्पिटलांत सिरिंज अशी बनवतात की मुलाच्या वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम मॉर्फिन, एकूण ५० मिलीमधे, म्हणजे १ मिली गेलं की बरोबर किलोला २० मायक्रोग्रॅम गेलं. हिशोब सोपा राहिला की चूक कमी होते. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी वजन खरंखुरं करून घ्या, "असेल बावीस-तेवीस" असं अंदाजाने सांगू नका, कारण सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं असतं.

हे पंप यायच्या आधी दुखण्याचं इंजेक्शन दर काही तासांनी दंडात किंवा मांडीत द्यायचे. इंजेक्शन दिल्यावर मूल गुंगून जायचं, नंतर हळूहळू औषध उतरायचं, दुखणं चढायचं, आणि मग पुढच्या सुईच्या भीतीने मूल "नाही दुखत" म्हणून दात-ओठ आवळून पडून राहायचं. छोटे छोटे डोस, मागणीप्रमाणे, थेट शिरेत, ही कल्पना त्यातूनच आली, आणि १९७६ मधे कार्डिफमधे बनलेला पहिला असा पंप बाजारात आला. मुलांसाठी वापर नंतर सुरू झाला.

कोणाला चालतो, कोणाला नाही

साधारण पाच-सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना हे जमतं, पण वयापेक्षा समज महत्त्वाची. "दुखलं की दाब, दाबल्यावर थोड्या वेळाने कमी होतं" हे कारण आणि परिणाम मुलाला कळलं पाहिजे आणि बोटात तेवढी ताकद पाहिजे. हात प्लास्टरमधे असेल किंवा कमजोर असेल तर काही ठिकाणी हलक्या दाबाचं किंवा पायाने दाबायचं बटण मिळतं, विचारून घ्या.

पाठीच्या कण्याचं ऑपरेशन, पोटाची किंवा छातीची मोठी ऑपरेशनं, भाजणं, सिकल सेलचा वेदनेचा झटका, केमो किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर तोंड आणि घसा सोलवटणं, अशा वेळी हा पंप लावतात. बाळांना आणि लहानग्यांना किंवा ज्या मुलांना समजून दाबता येणार नाही त्यांना तोच पंप लावतात पण बटण सिस्टर दाबते, लॉकआउट जास्त लांबीचा ठेवतात आणि दर वेळी आधी तपासून मगच देतात. तो प्रकार वेगळा, त्याला नर्स कंट्रोल्ड म्हणतात, त्याचे नियम इथले लावू नका.

ऑपरेशनच्या आधी: हे सांगा, हे विचारा

भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा काही गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही सांगा. मूल रात्री जोरात घोरतं का, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का? ही बाब किरकोळ वाटते पण अशा मुलांवर मॉर्फिनसारख्या औषधांचा श्वासावरचा परिणाम जास्त होऊ शकतो, त्यामुळे डोस आणि निगराणी दोन्ही बदलतात. किडनीचा काही त्रास असेल तर सांगा, कारण मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे पदार्थ तयार होतात ते किडनीवाटे बाहेर जातात आणि किडनी कमी चालत असेल तर साठत राहतात, मग वेगळं औषध निवडावं लागतं. फिट्सची औषधं, झोपेची, अ‍ॅलर्जीची गुंगी आणणारी सिरप, जे काही चालू आहे ते बाटल्यांसकट दाखवा. मागच्या भुलेनंतर खूप उलट्या झाल्या होत्या का तेही.

आणि विचारा: बटणाशिवाय सतत चालणारी बारीक धारही ठेवणार आहात का? याला बॅकग्राउंड म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री ती असेल तर मूल सलग झोपतं, जाग येते तेव्हा दुखण्याच्या शिखरावर जाग येत नाही. पण मूल झोपलं तरी ती चालूच राहते, म्हणून तिच्यासोबत निगराणी जास्त कडक लागते. पॅरासिटामॉल आणि इतर औषधं सोबत ठरलेल्या वेळी मिळणार का हेही विचारा, मिळाली पाहिजेत, त्याने मॉर्फिन कमी लागतं. आणि रात्री पंपाबद्दल काही अडलं तर कोणाला बोलवायचं, नाव नाही तर निदान कुठली टीम, ते लिहून घ्या.

मुलाला शिकवणं: हे ऑपरेशनच्या आधीच

भुलेतून उठलेल्या मुलाला नवीन काही शिकवता येत नाही, अर्धवट गुंगीत ते ऐकतं आणि विसरतं. म्हणून आदल्या दिवशी शिकवा, शक्य असेल तर खरं बटण हातात देऊन. सिस्टरला सांगितलं तर बहुतेक वेळा पंप दाखवतात.

फक्त "दुखलं तर दाब" एवढंच सांगितलं तर काय होतं ते सांगते. पाठीचं ऑपरेशन झालेली मुलगी सरळ पडून आहे, हलत नाही, त्यामुळे फारसं दुखत नाही, म्हणून ती दाबत नाही. तिच्या हिशोबाने तिने सांगितल्याप्रमाणेच केलं. मग कूस बदलायला दोघीजणी येतात, वळवतात, आणि दुखणं एकदम असं उसळतं की ती किंचाळते आणि नंतर दिवसभर कोणाला हात लावू देत नाही. तिला एक वाक्य जास्त सांगायला हवं होतं: "हलायच्या, फिजिओच्या, ड्रेसिंगच्या पाच-दहा मिनिटं आधी एकदा बटण दाब." औषधाला काम करायला तेवढा वेळ लागतो. आणि सिस्टरलाही सांगून ठेवा की वळवायच्या आधी थोडं आधी कळवा.

लहान मुलाशी बोलणं साधारण असं होऊ शकतं:

"हे तुझं औषधाचं बटण. पोटात दुखायला लागलं की तू दाबायचं."
"टोचणार?"
"नाही, आधीच लावलेल्या नळीतून जाणार. कळणारही नाही."
"मग लगेच बरं वाटेल?"
"लगेच नाही, थोडा वेळ लागतो. नाही वाटलं तर परत दाबायचं. आणि हे फक्त तू दाबायचं हां, मी नाही, बाबा नाही, ताई पण नाही."

शेवटचं वाक्य मुलाला दोनदा म्हणायला लावा. मुलं या नियमाची फार छान राखण करतात, आजी हात पुढे करायला लागली की "नाही आजी, ते माझंय" म्हणून स्वतःच थांबवतात.

मोठ्या, बारा-पंधरा वर्षांच्या मुलांचे प्रश्न वेगळे. काहींना वाटतं दाबणं म्हणजे हार मानणं, विशेषतः घरात "तू किती स्ट्राँग आहेस" असं सतत ऐकलेल्यांना. त्यांना स्पष्ट सांगा की खोल श्वास घेणं, खोकणं, उठून बसणं हे दुखणं कमी असेल तरच जमतं आणि बरं व्हायला तेच लागतं. काहींनी कुठेतरी वाचलेलं असतं की याची सवय लागते. हॉस्पिटलमधे दुखण्यासाठी काही दिवस, मोजून मापून दिलेलं औषध म्हणजे व्यसन नाही. आठवडाभर किंवा जास्त चाललं तर शरीर सरावतं हे खरं, म्हणून तेव्हा ते एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी करतात, पण ती शरीराची गोष्ट झाली, व्यसन वेगळं.

शुद्धीवर आल्यावरचे पहिले तास

पंपाचा छोटा डोस हा आटोक्यात आलेलं दुखणं आटोक्यात ठेवण्यासाठी असतो. दुखणं आधीच आभाळाला भिडलेलं असेल तर छोट्या डोसांनी ते खाली येत नाही, तेव्हा आधी डॉक्टरने किंवा रिकव्हरीतल्या सिस्टरने मोठा डोस देऊन बसवावं लागतं. त्यामुळे वॉर्डात आल्या आल्या मूल कळवळत असेल तर "दाब दाब" म्हणत बसू नका, सिस्टरला बोलवा.

बटण ज्या हाताला सलाईन नाही त्या हातात, आणि झोपेत हरवू नये म्हणून वायर उशीला किंवा गाऊनला पिनेने अडकवून ठेवा. एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट: सिस्टरला बोलवायची घंटाही तशीच वायरच्या टोकाला असते आणि गुंगीत मूल (आणि रात्री तीन वाजता तुम्ही सुद्धा) दोन्हीत गल्लत करू शकता. पाण्यासाठी घंटा समजून औषधाचं बटण दाबलं जातं, किंवा दुखतंय म्हणून घंटाच दाबत राहतं आणि औषध मिळतच नाही. दोन्ही वेगवेगळ्या बाजूला ठेवा, एकावर रंगीत टेप लावा.

पहिल्या दिवशी मूल विसरेल. आठवण करून देणं चालतं. जागं असेल, तोंड वाकडं करत असेल तर विचारा, "दुखतंय का? मग तुझं बटण आठवतंय ना?" इथपर्यंत तुमचं काम. झोपलेल्या मुलाला दाबण्यासाठी उठवायचं नाही.

दुसऱ्या कोणी का दाबायचं नाही

या पंपाची सगळ्यात भक्कम सुरक्षा पंपात नाहीये, मुलात आहे. औषध जास्त झालं की आधी गुंगी येते, गुंगी आली की मूल झोपतं, झोपलं की बटण दाबलं जात नाही, नवीन औषध जात नाही, रक्तातलं प्रमाण हळूहळू उतरतं. श्वास मंद व्हायची वेळ यायच्या आधी ही साखळी आपोआप थांबवते. बाहेरच्या हाताने बटण दाबलं की साखळी तिथेच तुटते. लॉकआउट तेव्हाही असतो, पण मूल झोपलेलं असताना दर दहा मिनिटांनी एक एक डोस जात राहिला तर गुंगीवर गुंगी चढत जाते आणि श्वास मंदावतो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मधे याच गोष्टीबद्दल सगळ्या हॉस्पिटलांसाठी खास इशारा काढला होता, कारण नातेवाईकांनी आणि स्टाफनेसुद्धा पेशंटच्या वतीने दाबल्याने जीवघेणे प्रसंग घडले होते.

झोपेत कण्हलं, चेहरा आवळला, तरी हात बटणाकडे न्यायचा नाही. सिस्टरला बोलवा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगा, भावंडांना तर नक्कीच, त्यांना ते बटण खेळण्यासारखं वाटतं. काही हॉस्पिटलांत आई किंवा बाबांना रीतसर शिकवून, लेखी परवानगी देऊन दाबायची मुभा देतात, विशेषतः दीर्घ आजारात. तसं असेल तर टीम स्वतःहून सांगेल आणि तपासून मगच दाबायला शिकवेल, आपण होऊन गृहीत धरायचं नाही.

दुखणं मोजायचं कसं

मोठी मुलं, साधारण आठच्या पुढची, ० ते १० मधे आकडा सांगू शकतात. लहानांना चेहऱ्यांचं चित्र दाखवतात, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत नाहीतर शांत चेहऱ्यापासून कळवळलेल्यापर्यंत, आणि बोट ठेवायला सांगतात. न बोलणाऱ्यांसाठी फ्लॅक नावाची पद्धत आहे, चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत काढल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात.

तुम्ही एक करा, आकडा विचारताना दोनदा विचारा, पडून असताना किती आणि खोकल्यावर किंवा हलल्यावर किती. पडून २ आणि खोकल्यावर ८ असेल तर दुखणं आटोक्यात नाहीये, फक्त मूल हलत नाहीये. शून्य हे ध्येय नसतं. श्वास घेता यावा, वळता यावं, थोडं खेळता यावं, झोप लागावी, एवढं झालं की पुरे. आणि मोबाइलवर कार्टून बघतंय म्हणजे दुखत नाही असं समजू नका, लक्ष दुसरीकडे लावणं हा मुलांचा दुखणं सहन करायचा मार्गच असतो.

पंप किती वेळा दाबलं आणि त्यातलं किती वेळा औषध गेलं याची नोंद ठेवतो. राउंडला विचारा. दाबलं ४० वेळा आणि मिळालं १२ वेळा असं दिसत असेल तर डोस कमी पडतोय, किंवा मुलाला लॉकआउट समजलेला नाही, किंवा घाबरून दाबतंय. उलट आकडा रात्रभर शून्य आणि सकाळी मूल कळवळतंय तर बटण हाताशीच नव्हतं का ते बघा.

निगराणी, आणि तुम्ही काय बघायचं

सिस्टर ठरलेल्या वेळी, सुरुवातीला बहुधा दर तासाला, श्वास मोजते, गुंगी किती ते बघते, ऑक्सिजन बघते. बोटाला क्लिप असते. लक्षात घ्या, मुलाला वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंद होऊनही मॉनिटरवरचा आकडा बराच वेळ छान दिसू शकतो. म्हणून फक्त स्क्रीनकडे बघू नका, मुलाकडे बघा.

हाक मारून, खांद्याला हलवून नीट उठत नाही, अर्धं वाक्य बोलता बोलताच डोळे मिटतात, श्वास फार हळू किंवा मधेच थांबून थांबून, नवीनच घोरणं सुरू झालंय, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर लगेच घंटा दाबा, घंटेला उशीर झाला तर दारात जाऊन मोठ्याने बोलवा, संकोच करू नका. सिस्टर पंप थांबवते, ऑक्सिजन देते, लागलं तर नॅलॉक्सोन देतात, ते या औषधांचा परिणाम उलटवतं.

बाकीचे त्रास धोक्याचे नसतात पण मुलाला हैराण करतात. खाज, विशेषतः नाकाला आणि चेहऱ्याला, ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, औषधाचाच परिणाम असतो, त्यावर उपाय आहेत. मळमळ-उलटी यासाठी ऑन्डान्सेट्रॉन देतात, मागून घ्या, कारण मी कितीतरी मुलं बघितली आहेत जी उलटीच्या भीतीने बटण दाबायचंच सोडतात. लघवी अडकू शकते, सहा-आठ तासांत झाली नसेल तर सांगा. बद्धकोष्ठ तर जवळपास ठरलेलं, म्हणून पोटाच्या ऑपरेशनमुळे मनाई नसेल तर शौच साफ होण्याचं औषध पहिल्यापासून सुरू करायला सांगा, चौथ्या दिवशी पोट दगड झाल्यावर नाही.

दाबूनही दुखतंय तेव्हा

आधी साधं बघा, मग सिस्टरला दाखवा: वायर पंपातून निघाली नाही ना, नळी मुडपलेली नाही ना, सलाईनच्या जागी सूज आली आहे का. सूज असेल तर औषध शिरेबाहेर जातंय, मुलाला मिळतच नाहीये. पॅरासिटामॉलची वेळ चुकली का तेही विचारा. मूत्राशय भरलेलं असलं किंवा कॅथेटर (लघवीची नळी) अडलं असलं तरी मूल पोट धरून रडतं आणि त्याला मॉर्फिन फारसं उपयोगी पडत नाही.

आणि एक गोष्ट कधीही "अजून थोडं दाब" म्हणून टाळायची नाही. प्लास्टर किंवा घट्ट बँडेजमधल्या हातापायाचं दुखणं वाढतच चाललंय, बटण जास्त जास्त लागतंय, बोटं हलवल्यावर कळ येते, बोटं गार, फिकट किंवा बधिर. आत दाब वाढून रक्तपुरवठा अडतोय याचं ते लक्षण असू शकतं. डॉक्टर ताबडतोब आले पाहिजेत, मध्यरात्र असली तरी.

पंपाची बटणं, कुलूप, सेटिंग यांना हात लावायचा नाही. अलार्म वाजला तर आवाज बंद करायला सुद्धा नाही.

पंप काढायची वेळ

मूल तोंडाने प्यायला-खायला लागलं आणि दाबायचा आकडा कमी झाला की पंप काढायचं ठरतं. बॅकग्राउंड असेल तर आधी ते बंद करतात, बटण ठेवतात. मग तोंडाने औषध सुरू करतात. इथे वेळेवर लक्ष ठेवा: तोंडाचं पहिलं औषध दिल्यावर ते लागू व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तोवर पंप ठेवायला सांगा. सकाळी राउंडला पंप काढला आणि गोळी दुपारी आली असं झालं तर मधले तास मुलाला फार जड जातात आणि मागच्या दोन दिवसांचा विश्वास जातो. मुलालाही आधी सांगा, बटण जाणार आहे, पण दुखलं तर मागायचं, औषध मिळणार. काही मुलं बटण गेल्यावर अस्वस्थ होतात, ते दुखण्यापेक्षा हातातला ताबा गेल्याने असतं, म्हणून दुपारनंतर काढायचं की उद्या सकाळी एवढं तरी त्यांना विचारता येतं का बघा.

घरी जाताना कुठलं औषध, किती, किती तासांनी, कधी थांबवायचं हे कागदावर घ्या. घरी मॉर्फिनसारखं काही दिलं असेल तर ते कुलपात ठेवा, उरलेलं दुकानात किंवा हॉस्पिटलात परत करा, दुसऱ्या भावंडाला त्यातला एक थेंबही देऊ नका, आणि शौचाचं औषध ते चालू आहे तोवर बंद करू नका.